पायथनच का?

"मी पायथन शिकायचं ठरवलंय," चहाचा कप माझ्यासमोर ठेवत सुनंदा म्हणाली.

मी वर्तमानपत्र खाली केलं. वाङ्‌निश्चयाला बसल्यावर मुलाकडच्यांनी अचानक दुसऱ्याच मुलीचं नाव काढावं, तसं काहीतरी मला वाटलं. कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवत असे. पन्नाशीत, कोणी सांगितलं नसताना, मी आर नावाची संगणकाची भाषा शिकलो आणि निवृत्त होईपर्यंत मुलांना शिकवत राहिलो. आयुष्यात मी फारशा गोष्टी धड केल्या नाहीत. आर मात्र बरं येत होतं. निदान तसा माझा समज होता.

"पायथन कशासाठी?" मी विचारलं.

"डेटा सायन्ससाठी. तळ्यावरच्या पक्ष्यांच्या गणनेचे आकडे आहेत ना, इतक्या वर्षांचे? नुसते पडून आहेत. त्यांतून काय दिसतं ते बघायचंय मला."

"मग आर घे की. आकड्यांच्या माणसांनी आकड्यांसाठी केलेली भाषा आहे ती. सरासरी म्हण, आलेख म्हण, सगळं घरचं. पायथनमध्ये साधा तक्ता उघडायचा म्हटलं तरी बाहेरून सामान आणावं लागतं."

"सामान फुकट मिळतं म्हणे."

"कोण म्हणे?"

"घोरपडे साहेब."

मी चहाचा घोट घेतला. भाजला.

प्रतापराव घोरपडे टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन आमच्या गावात राहायला आले, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली असतील. बायको वारलेली, मुलगा परदेशात. उंच, खांदे अजून सरळ, जुनी जीप स्वतः चालवायचे. सुनंदा शाळेतून निवृत्त झाल्यापासून ज्या पक्षीमंडळाबरोबर पहाटे तळ्यावर जायची, त्या मंडळात ते आल्या आल्या पुढारी झाले. त्यांचं हसणं तळ्याच्या दुसऱ्या काठापर्यंत ऐकू जातं, असं सुनंदाच म्हणाली होती. "आणि तरी पक्षी उडत नाहीत," असंही म्हणाली होती. माझ्या नुसत्या खोकण्याने आमच्या गॅलरीतली कबुतरं उडतात.

"वाचनालयाच्या वरच्या खोलीत वर्ग सुरू करतायत ते," सुनंदा म्हणाली. "आमच्यासारख्यांसाठीच. मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी. नगरपालिका तळ्यात नौकाविहार सुरू करायचं म्हणतेय ना, त्यावर पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या सभागृहात सभा आहे. मंडळाच्या वतीने आकडे मी मांडणार."

"तू?"

"का? मी नको?"

"तसं नाही म्हणालो मी."

मग मी शिकवलं नसतं का, हे वाक्य ओठांपर्यंत आलं आणि चहाबरोबर परत खाली गेलं. आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली, पण ते वाक्य गिळल्याची चव मला अजून आठवते. ती अर्धी भाजलेल्या जिभेचीही असेल.

*

पहिल्या शुक्रवारी मी वाचनालयात पुस्तक बदलायला गेलो. माझं पुस्तक वाचून झालेलं नव्हतं.

वरच्या खोलीच्या दाराला काच आहे. आत सातआठ पिकली डोकी लॅपटॉपवर वाकलेली होती. सुनंदा खिडकीजवळ बसली होती आणि घोरपडे तिच्या मागे उभे होते. दोन्ही हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर. ते काही बोलत नव्हते, नुसते बघत होते. मग सुनंदाने पडद्यावर काहीतरी दाखवलं आणि दोघं हसली. काचेतून मला ते हसणं ऐकू आलं नाही. ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं. कशाला हसली ते तरी कळलं असतं.

"सर, आत जायचंय का?" ग्रंथपालाने विचारलं.

"नाही नाही. पुस्तक."

"हे तर परवाच नेलंत की."

"झालं वाचून," मी म्हणालो.

संध्याकाळी सुनंदा लॅपटॉप घेऊन घरी आली. घोरपड्यांचा जुना लॅपटॉप. माझा संगणक आतल्या खोलीत रिकामा बसला होता आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी, त्या माणसाचं यंत्र लुकलुकत होतं.

"माझ्या संगणकावर केलं असतंस तरी चाललं असतं," मी म्हणालो.

"प्रतापराव म्हणाले, एकाच यंत्रावर सवय करा."

सकाळपर्यंत ते घोरपडे साहेब होते.

पुढच्या आठवड्यात प्रतापराव स्वतःच घरी आले. तळ्याच्या नोंदींपैकी काही जुनी वर्षं त्यांच्याकडे होती, ती द्यायला. सुनंदाने पोहे केले. एरवी पाहुण्यांच्या पोह्यांवर खोबरं असतं. त्या दिवशी खोबरं, कोथिंबीर आणि वर लिंबाची फोडसुद्धा होती.

"काय सर," बशी हातात घेत ते म्हणाले, "तुमच्या घरात फंदफितुरी केली, राग नाही ना?"

"छे. भाषा काय, कुठलीही चांगलीच."

"बघा वहिनी, सर किती मोठ्या मनाचे! मी असतो तर जीप आडवी घातली असती." ते गडगडाटी हसले. "तसं आर वाईट नाही हां सर. पण ते पंचांगासारखं आहे. ज्याला कळतं त्याला सगळं दिसतं, बाकीच्यांनी नुसता नमस्कार करायचा."

सुनंदा हसली. पदर तोंडाला लावून, पण हसली.

पंचांगाला निदान तिथी तरी कळते, पायथनला तीही दुसऱ्याला विचारावी लागते, असं उत्तर मला सुचलं. सुचलं तेव्हा जीप चौकाच्या पलीकडे गेलेली होती.

"छान माणूस आहे," सुनंदा बशा गोळा करत म्हणाली.

"आवाज मोठा आहे," मी म्हणालो.

*

मग मी पायथन शिकायला सुरुवात केली.

सुनंदा पहाटे तळ्यावर गेली की मी आतल्या खोलीचं दार लोटून घेत असे. घरात कोणी नसताना दार लोटायची काय गरज होती, ते मला सांगता येणार नाही. कानात इअरफोनची ती बोंडं घालायचो आणि एका मद्रासी मुलाचे धडे ऐकायचो. ती येण्याआधी सगळ्या खुणा पुसून टाकायचो, चोरून तंबाखू खाणारा माणूस दात घासतो तसा. एकदा ती लवकर आली, तेव्हा मी घाईघाईने हवामान उघडलं.

"पाऊस आहे का?" तिने विचारलं.

"शक्यता आहे," मी म्हणालो. फेब्रुवारी महिना होता.

शिकणं सोपं गेलं नाही. सवयी आड येत होत्या. आरमध्ये आपण माणसासारखं मोजतो: पहिल्या ओळीला एक म्हणायचं, दुसरीला दोन. पायथन शून्यापासून मोजतं. तिथे पहिल्या ओळीचा क्रमांक शून्य, आणि तुम्ही एक म्हणालात की ते मुकाट्याने दुसरी ओळ काढून देतं. चूक झाली असं सांगतही नाही. या एका खड्ड्यात मी इतक्यांदा पडलो की शेवटी ते शून्य मला झोपेत दिसायला लागलं. पण महिनाअखेरीला मला ती भाषा येऊ लागली. आणि खरं सांगायचं तर आवडूही लागली, हे मला सर्वांत जास्त खटकलं.

माझा बेत साधा होता. सभा संपली की सर्वांसमोर उठून घोरपड्यांना पायथनबद्दल एक प्रश्न विचारायचा. नम्रपणे, विद्यार्थ्याने विचारावा तसा. प्रश्न मी निवडून ठेवला होता. त्याचं उत्तर अवघड होतं, आणि ते देताना माणूस अडखळतो हे मी स्वतः अडखळून पाहिलेलं होतं. मग ते गप्प झाले की उत्तर मी सांगणार. सुनंदा वळून माझ्याकडे बघेल, इथपर्यंत मी ते दृश्य रोज रंगवत होतो. त्यापुढे ती काय म्हणेल, ते मात्र कधी नीट रंगलं नाही.

*

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी ती टेबलाशी बसून काम करत होती. मी समोर मटार सोलत होतो. फोन वाजला. "हो प्रतापराव... नाही नाही, चालतंय... होईल आज." तिने फोन ठेवला आणि स्वतःशीच हसली.

माझ्या हातातली शेंग खाली पडली.

"सुनंदा, एक विचारू?"

"विचारा."

"घोरपडे शिकवतात म्हणूनच पायथन घेतलंस ना तू?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांना आर येत असतं, तर आर घेतलं असतंस."

तिने चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं, मटारकडे बघितलं, परत माझ्याकडे. आणि मग ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पाणी आणून दिलं.

"अहो, या वयात?" डोळे पुसत ती म्हणाली. "मी? आणि प्रतापराव?"

"मी तसं काही म्हणालो नाही."

"नाही म्हणालात, पण मटार बघा किती चिरडलेत." मग हळूहळू तिचं हसू ओसरलं. "त्यांना आर येतं."

"काय?"

"वर्गासाठी नावं घेतानाच त्यांनी विचारलं, आर की पायथन, कोणाला काय शिकायचंय? दोन्ही शिकवतो म्हणाले. चिटणीसबाईंनी आर घेतलं, तुमचे ते पतपेढीवाले कुलकर्णी, त्यांनी आर घेतलं. मी पायथन घेतलं."

"पण का?"

ती लॅपटॉपच्या कडेवरची धूळ बोटाने पुसत बसली.

"तुम्हाला ते येत नाही म्हणून," ती म्हणाली.

मी एक शेंग उचलली आणि परत ठेवली.

"शाळेत शिकवत असताना मी काढलेल्या प्रश्नपत्रिका तुम्ही तपासायचात," ती म्हणाली. "मी कधी सांगितलं नव्हतं तपासा म्हणून."

"चुका असायच्या त्यात," माझ्या तोंडून निघून गेलं.

"असायच्याच! मी कुठे नाही म्हणते? पक्ष्यांचं पुस्तक आणलं मी. मी अजून बगळ्यांपर्यंत पोचते न पोचते तोवर तुम्ही ते सबंध वाचून काढलंत. मग मी तळ्यावरून यायचे आणि मी कुठला पक्षी पाहिला ते तुम्ही मला सांगायचात. घरात बसून! तो बरोबर असायचा, हे आणखी वर. दिवाळीत दारात रांगोळी काढताना तुम्ही खिडकीतून ठिपके मोजायचात. मला पाठीवर कळायचं, मोजताय ते."

"तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार? तुम्ही वाईट वागलात का कधी? आवाज चढवला का? नुसतं बरोबर करत राहिलात." ती परत हसली, पण हे हसू निराळं होतं. "मला एक तरी गोष्ट अशी हवी होती, की जिथे मी चुकले तर माझं मलाच शोधायला लागेल. मागे कुणी उभं नको."

"घोरपडे उभे असतात की मागे." हे मी म्हणायला नको होतं, पण ते चित्र महिनाभर माझ्या डोळ्यांपुढे होतं.

"तुम्ही कधी बघितलंत?"

"असाच... पुस्तक बदलायला आलो होतो."

"त्यांचे गुडघे गेलेत हो. खुर्ची धरल्याशिवाय उभं राहता येत नाही. आणि विचारल्याशिवाय एक अक्षर सांगत नाही तो माणूस. म्हणून आवडतात मला." तिने चष्मा परत चढवला. "झालं समाधान?"

मी मान हलवली. आतल्या खोलीत, माझ्या संगणकावर, महिनाभराचं पायथन होतं. ते तिथून काढता आलं असतं. डोक्यातून कसं काढायचं, ते मला कळेना.

"या, बघा आलेख," ती म्हणाली. भांडण मिटल्यावर ती नेहमी काहीतरी खायला देते, तशी ती मला आलेख देत होती. "बघायला हरकत नाही. तुम्हाला कळायचं नाहीच."

मी उठून तिच्याजवळ गेलो. मागे उभा राहिलो नाही. खुर्ची ओढून शेजारी बसलो.

तळ्यावर हिवाळ्यात येणाऱ्या बदकांचा आलेख होता. गणनेच्या पहिल्या वर्षी जितकी बदकं होती त्यांना शंभर मानायचं आणि पुढच्या प्रत्येक वर्षी किती, ते त्या मानाने दाखवायचं, अशी तिची कल्पना. चांगली कल्पना होती. शंभरावर एक आडवी रेघ होती आणि जवळजवळ सगळी वर्षं त्या रेघेच्या वर होती.

"मला वाटलं होतं, कमी झाली असतील," ती म्हणाली. "मंडळातल्या जुन्या लोकांनाही तसंच वाटतं. पण आकडे म्हणतात, वाढलीत. मग तेच सांगायचं. नौकाविहारवाल्यांना उद्या आयतंच मिळणार."

आलेखाच्या वर तिने लिहिलेल्या ओळी दिसत होत्या. चौथ्या ओळीत, शंभर कुणाला मानायचं ते सांगताना, तिने पहिलं वर्ष म्हणून एक लिहिलं होतं.

एक म्हणजे दुसरं वर्ष. ते दुष्काळाचं होतं, मला आठवत होतं. तळ्याच्या मध्यापर्यंत आम्ही चालत गेलो होतो. त्या वर्षाला शंभर मानल्यावर पुढचं प्रत्येक वर्ष भरल्यासारखंच दिसणार.

मी तोंड उघडलं. मग मिटलं.

बोललो असतो तर तिची एकुलती एक गोष्ट माझी झाली असती. गप्प बसलो असतो तर उद्या भर सभेत कुणीतरी तिला अडवलं असतं, किंवा कुणीच अडवलं नसतं आणि तळ्यात होड्या आल्या असत्या. आणि मनाच्या एका कोपऱ्यात, हेही लिहिलं पाहिजे, असंही आलं की चूक निघाली तर शिकवणाऱ्याचंच नाव जाईल. तो कोपरा मला गोड लागला. मी तिथे जरा रेंगाळलो.

"काय झालं?" सुनंदाने विचारलं. तिचा आवाज सावध होता. "काही चुकलंय का?"

"मला काय कळणार," मी म्हणालो. "मला ते शंभराचंच कळलं नाही. शंभर म्हणजे काय?"

तिने माझ्याकडे चमकून बघितलं. चाळीस वर्षांत असं वाक्य तिने माझ्याकडून ऐकलं नसावं.

"तुम्हाला कळलं नाही?"

"नाही. समजावून सांग ना. सावकाश."

ती सरसावून बसली. शाळेत फळ्यासमोर उभी राहत असेल तशी. "हे बघा. सोपं आहे. पहिल्या वर्षी जितकी बदकं होती, त्यांना आपण शंभर म्हणायचं. म्हणजे पहिल्या वर्षाचा ठिपका बरोब्बर या रेघेवर येणार. हा बघा, पहिल्या वर्षाचा ठिपका हा..."

तिचं बोट पडद्यावर डावीकडे गेलं आणि थांबलं. पहिला ठिपका रेघेवर नव्हता. तो खूप वर होता, जवळजवळ पडद्याच्या टोकाला.

"थांबा," ती म्हणाली.

मी थांबलो. इतकं कठीण थांबणं मी कधी थांबलेलो नाही. तिने तक्ता उघडला, बंद केला. ओळी वरपासून वाचल्या, पुटपुटत. तिसऱ्या ओळीत तिला काहीतरी संशय आला. तो चुकीचा होता. मी हात मांडीखाली दाबून बसलो. ती परत वर गेली. पुन्हा खाली आली. चौथ्या ओळीवर थबकली.

"अगं बाई," ती स्वतःलाच म्हणाली.

तिने एक पुसला, शून्य लिहिलं. आलेख पुन्हा उमटला. पहिला ठिपका रेघेवर बसला आणि पुढची सगळी वर्षं एकामागून एक रेघेखाली उतरत गेली.

"शून्यापासून मोजतं हो हे!" ती जवळजवळ ओरडली. "शिकवलं होतं आम्हाला, आणि मी विसरले! मी दुष्काळाच्या वर्षाला पहिलं केलं होतं!"

"शून्यापासून कोण मोजतं?" मी म्हणालो.

"पायथन मोजतं," ती अभिमानाने म्हणाली. "तुमच्या आरमध्ये नसेल."

*

सभा व्यवस्थित झाली. सुनंदाने आलेख दाखवला, खाली उतरणारी रेघ बोटाने दाखवली, आणि सभागृहात कुजबुज झाली. नौकाविहाराचा निर्णय त्या दिवशी पुढे ढकलला गेला. पुढे तो बारगळला.

माझा प्रश्न मी विचारला नाही. बाहेर पडताना घोरपडे भेटले, दाराची चौकट धरून उभे.

"सर, वहिनींनी काल एक वाईट चूक पकडली. एकट्यांनी! मला फोन करून सांगितली, सापडल्यावर. मी तर तिथे फसलोच असतो." त्यांनी माझा हात हातात घेतला. "तुम्ही पण या की वर्गाला. आरवाले आहात, पटकन शिकाल."

"नको," सुनंदा मध्येच म्हणाली. "त्यांना मी शिकवणार आहे. घरी."

घोरपड्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत काहीतरी होतं. ते रिकाम्या घरी परतणार होते, हे मला तेव्हा प्रथमच दिसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचा पहिला धडा झाला. सुनंदाने दोन ओळी लिहिल्या आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"सांगा बघू, आता काय छापून येईल?"

मला ठाऊक होतं. मी बराच वेळ विचार केल्यासारखं केलं आणि भलतंच उत्तर दिलं.

"चूक," सुनंदा म्हणाली. इतक्या आनंदाने म्हणाली, की मी ते ऐकत राहिलो. मग तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि पहिल्यापासून समजावून सांगायला लागली.

ते धडे अजून चालू आहेत. तिला कधी संशय आला का, ते मला ठाऊक नाही. विचारायचं धाडस होत नाही. माझी प्रगती संथ आहे, असं ती शेजाऱ्यांना सांगते, पण माणूस चिकाटीचा आहे, असंही सांगते.